राखाडी अक्षरांतलं बटण

शेअर बाजार म्हणजे जुगार, हे मी छापलेलं आहे. एकदा नव्हे, पुष्कळदा. ठळक अक्षरांत आणि खाली रेघ ओढून. त्यामुळे अक्का म्हणाली की दुकानाच्या अ‍ॅडव्हान्सचे पैसे ती शेअरमध्ये घालणार आहे, तेव्हा तिच्याशी बोलायला मी बसलेच नाही. मी पत्रक लिहायला बसले.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या एका गल्लीत पडदेवाल्याच्या दुकानाचा अर्धा भाग भाड्यानं घेऊन ती ब्लाउज शिवायची. अर्धा भाग म्हणजे खरोखरच अर्धा. पडदेवाल्याचा गठ्ठा आला की अक्काचं गिऱ्हाईक बाहेर फुटपाथवर उभं राहून माप द्यायचं. जयनगरात एक छोटं दुकान तिनं हेरून ठेवलं होतं. तिथला भाडेकरू दसऱ्याला सोडणार होता. पण आमच्या बंगळुरात नुसतं भाडं परवडून दुकान मिळत नाही. दहा महिन्यांचं भाडं आधी मालकाच्या हातात ठेवावं लागतं, त्याला अ‍ॅडव्हान्स म्हणतात. अक्कानं ते पैसे जमवले होते. मालकानं स्वच्छ सांगितलं होतं, दसऱ्याला पैसे असतील तर दुकान तुझं, नसतील तर रांगेत दुसरे आहेत.

दसऱ्याला अजून बरेच महिने होते आणि पैसे बँकेत नुसते पडून होते. तेवढ्यात अण्णा आले.

अण्णा कुणाचे सख्खे भाऊ नाहीत. आमच्या मराठी मंडळाचे खजिनदार आहेत आणि सगळ्यांचे अण्णा आहेत. आमची घरं या गावात इतक्या पिढ्यांची की आम्ही मराठीत भांडतो आणि कन्नडमध्ये समेट करतो. लग्न, बारसं, आजारपण, सगळ्याला मंडळ. निवृत्त झाल्यापासून अण्णांनी फोनवर एक ग्रुप चालवला होता. त्यात ते रोज एका कंपनीच्या आकड्यांचे फोटो टाकायचे. विजेवर चालणाऱ्या स्कूटरचे प्लास्टिकचे भाग बनवणारी कंपनी. हिरवे स्तंभ, एकापेक्षा एक उंच. खाली अण्णांचं एकच वाक्य, ‘आपला माणूस, आपली कंपनी.’ कारण कंपनीचा मालक आमच्यातला. मंडळाच्या हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या त्याच्या घराण्यानं दिलेल्या; प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर नाव रंगवलेलं. आमच्याकडे माणूस कसा आहे ते अशा खुर्च्यांवरून ठरतं.

“दसऱ्यापर्यंत वाढतील, मग काढून घेईन,” अक्का म्हणाली. “मशीनसुद्धा नवी येईल.”

“आणि बुडाले तर?”

“अण्णांचे बुडालेत का?”

माझं काम असं, की मी कंत्राटी कामगारांच्या एका संघटनेत आहे आणि गावाबाहेर होसकोट्याच्या औद्योगिक भागात कारखान्यांच्या गेटवर पत्रकं वाटते. लिहितेही मीच, आधी कन्नडमध्ये, मग हिंदीत. ज्या बाईंनी मला पत्रक लिहायला शिकवलं त्यांचे नियम साधे होते. एक कागद. एक मागणी. आणि ‘पण’ हा शब्द दिसला की खोड. शिफ्ट सुटल्यावर माणूस बसकडे धावत असतो, तुझा ‘पण’ वाचायला थांबणार नाही.

हे नियम घेऊन मी आयुष्यात पहिल्यांदा एक फायनान्सचं पोर्टल उघडलं.

आणि माझं डोकंच फिरलं. कंपनीच्या नावाखाली पहिल्यांदा काय दिसावं? ‘विकत घ्या’. हिरवं, अंगठ्याएवढं बटण. मग एक जाहिरात. मग ‘तज्ज्ञांचं मत’ म्हणून पाचपैकी चार तारे. तज्ज्ञ कोण, याचा पत्ता नाही. मग ‘तुमच्यासारखे लोक हेही बघत आहेत’. माझ्यासारखे लोक! मला हे पोर्टल किती मिनिटं ओळखत होतं? आकडे या सगळ्याच्या खाली, बारीक, आडवं सरकवल्याशिवाय पूर्ण न दिसणारे. गेटवर मी असं पत्रक वाटलं असतं तर बाईंनी मला गठ्ठ्यासकट परत पाठवलं असतं.

त्या आकड्यांत मला एक सापडला. गेल्या वर्षाचा नफा एवढा, आणि त्याच्या शेजारच्या तक्त्यात आत्ताचा नफा त्याच्या चौथ्या हिश्शाहून जरासा जास्त. बस्स. मी दुसरा आकडा बघितला नाही. ‘नफा पाव झाला! आपल्या माणसानं आपल्यापासून काय लपवलं?’ असा मथळा केला, प्रती काढल्या आणि मंडळाच्या रविवारच्या बैठकीत, लोक चौचौ भात, म्हणजे एकाच ताटलीत उपमा आणि शिरा, खात असताना, पंगतीत पानं वाढावीत तशी वाटली.

अण्णांनी चष्मा लावून पत्रक वाचलं. पूर्ण वाचलं, हे मान्य करायला हवं.

“हा आकडा कुठून घेतलास ग?”

“तुमच्याच पोर्टलवरून.”

“हा तिमाहीचा आहे. तीन महिन्यांचा. आणि हा वरचा पूर्ण वर्षाचा.” मग त्यांनी मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “म्हणजे आमच्या लेकीनं बाळाचं वजन केलं आणि म्हणाली, बापापेक्षा केवढं घटलं!”

हॉल हसला. माझी आई हसली. कुणीतरी माझ्या पत्रकावर चमचा पुसला. तीन महिन्यांचा नफा वर्षाच्या पाव भागापेक्षा जरा जास्त, म्हणजे कंपनी उलट बरी चालली होती, आणि तेही मीच छापून वाटलं होतं.

घरी जाताना बसमध्ये अक्का खिडकीबाहेर बघत होती. जयनगर गेल्यावर बोलली. “खरं सांगू? आत्तापर्यंत मला स्वल्प भीती वाटत होती. तुझं पत्रक वाचल्यावर गेली.”

तिचं दुकान बुडवायला जे अण्णांना महिनाभर जमलं नव्हतं ते मी एका कागदात केलं होतं. मला राग आला, पण या वेळी तो छापता येण्यासारखा नव्हता. मी ठरवलं, हे शिकायचं. बाजार जुगार आहे की नाही ते नंतर बघू. आधी हा कागद वाचता आला पाहिजे. ज्याला मालकाचा कागद वाचता येत नाही त्यानं मालकाविरुद्ध कागद काढू नये.

मग मी होसकोट्याला जाताना-येताना बसमध्ये वाचत गेले. तिमाही आणि वर्ष. विक्री आणि नफा. नफा आणि हातात आलेली रोकड, या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे कळल्यावर मी शेजारच्या बाईला सांगितलं. तिनं पर्स मांडीवर घेतली. पी-ई म्हणजे एक रुपया नफ्यासाठी लोक किती रुपये मोजायला तयार आहेत, एवढंच. इतकी साधी गोष्ट दोन इंग्रजी अक्षरांत कोंडून का ठेवतात, यावर वेगळं पत्रक निघेल. प्रत्येक पोर्टलचं वेगळं तोंड. एक म्हणे कंपनी महाग, दुसरं म्हणे स्वस्त, तिसरं म्हणे आधी तुमचा मोबाइल नंबर द्या. मी तिन्हींकडून आकडे घेतले आणि मतं तिथंच ठेवली.

एवढं करूनही मला काही वावगं सापडेना. खरंच सापडेना. विक्री वाढती, नफा वाढता, कर्ज जवळजवळ नाही. माझी चडफड होत होती. पत्रक लिहिणाऱ्या माणसाला निर्दोष आकड्यासारखं दुःख नाही. आणि अक्का विचारत होती, “काय, घालू?” अण्णांनी तिला खातं उघडून दिलं होतं. पैसे बँकेतून तिकडे वळवायचे तेवढे राहिले होते.

“चार दिवस थांब,” मी म्हणाले.

“चार-चार करत दसरा आणशील.”

त्याच आठवड्यात माझी पाळी होती नेमक्या त्या कंपनीच्या गेटवर. मोठी पाटी, कंपनीचं नाव, पहारेकरी. मागणी कॅन्टीनची होती. नवा माणूस बोलायला थांबला की आम्ही पहिला प्रश्न ठरलेला विचारतो, गळ्यातल्या कार्डावर नाव कुणाचं? पाटीवर एक कंपनी असते, कार्डावर दुसरी. पाटी बघून मागणीपत्र पाठवलं तर ते परत येतं, ‘हे कामगार आमचे नाहीत’ म्हणून. आम्ही असे पुष्कळ ठेचकाळलो आहोत, म्हणून आधी कार्ड.

त्या दिवशीही मी विचारलं. मुलीनं कार्ड उलटून दाखवलं. नाव पाटीसारखंच, पण शेवटी एक जादा शब्द, म्हणजे पाटीवरच्या कंपनीच्या मालकीची दुसरी कंपनी. उपकंपनी. कारखाना, यंत्रं, माणसं, सगळं त्या दुसऱ्या नावावर असणार.

मी तिला पत्रक द्यायचं विसरले. रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि फोन काढला. आत्तापर्यंत मी आकड्यांना हा प्रश्न विचारलाच नव्हता, की तुमच्या गळ्यात कार्ड कुणाचं? हे हिरवे स्तंभ एकट्या पाटीवरच्या कंपनीचे की उपकंपन्यांसकट सगळ्या घराण्याचे?

उत्तर त्याच पानावर होतं. पहिल्या दिवसापासून होतं. नफ्याच्या तक्त्याच्या डोक्यावर, उजव्या कोपऱ्यात, पांढऱ्यावर फिकट राखाडी, त्या पानावरच्या सर्वांत बारीक अक्षरांत, ‘एकत्रित आकडे पाहा’. मी अक्षरांच्या आकारावर पोट भरणारी बाई. कुठला शब्द मोठा करायचा आणि कुठला कोपऱ्यात ढकलायचा, हे मी रोज ठरवते. आणि मला ते दिसलं नव्हतं, कारण मी हिरव्या स्तंभांशी भांडत बसले होते.

दाबलं. आत्तापर्यंत बघितलेले आकडे एकट्या वरच्या कंपनीचे होते. आता त्यात उपकंपन्या मिळवल्या गेल्या. स्तंभ बदलले. नफ्याच्या जागी तोटा, एकदाच नव्हे, ओळीनं. कर्ज ‘जवळजवळ नाही’ होतं ते भरपूर झालं. वार्षिक अहवाल उतरवून घेतला, त्यात शोधलं. वरची कंपनी होसकोट्याच्या उपकंपनीला दर वर्षी पैसे उसने देत होती, दर वर्षी जास्त. कायदेशीर, छापलेलं, सही केलेलं. लपवलेलं काहीच नाही, नुसतं कोपऱ्यात.

मथळा माझ्या डोक्यात तयार झाला होता. मी तो तिथंच गेटपाशी टाकला आणि शिवाजीनगरची बस धरली.

अक्कानं मशीन थांबवून फोन हातात घेतला. मी नुसतं बटण दाखवलं. तिनं दाबलं, पुन्हा दाबलं, हिरवं, लाल, हिरवं, लाल.

“दोन्ही खरे आहेत?”

“दोन्ही.”

“मग अण्णांना दाखवू. तुझ्या एकटीच्या तोंडून नको.”

अण्णा संध्याकाळी आले, पडद्यांच्या गठ्ठ्यावर बसले, बघितलं. ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते नुसते म्हणाले, “बरं. एवढं खोल मी गेलो नव्हतो. पण ऐक, कारखाना नवा आहे. नव्या कारखान्याला सुरुवातीला तोटा असतोच. तू दुकान घेतलंस की पहिल्या वर्षी तुलाही होईल, नाही का ग?”

अक्कानं माझ्याकडे बघितलं. अण्णांचं म्हणणं चूक नव्हतं. तसं असू शकतं. नसूही शकतं. हा तो ‘पण’, जो मला शिकवलेल्या कुठल्याही कागदावर मावत नाही.

“आकडे तुझे खरे, कारण त्यांचं खरं. मग माझे पैसे कुठे जायचे?” अक्का वैतागली. “कंपनीलाच विचारा ना! तू तर गेटवर उभी राहून दुनियेला प्रश्न विचारतेस.”

“गेटवरच्या माणसाला कंपनी उत्तर देत नाही.”

“शेअर असेल त्याला देते,” अण्णा म्हणाले. “वार्षिक सभेत. आता फोनवरच असते. एक शेअर असला तरी विचारता येतं.” मग मिशीत हसले. “घे की! जुगारवाल्या बाई, एकच तर घ्यायचाय.”

मी घेतला. आधी अ‍ॅपनं माझा चेहरा तपासला, सही तपासली, व्यवसाय विचारला. यादीत शेती होती, नोकरी होती, गृहिणी होती. माझं काम नव्हतं. ‘इतर’ निवडलं. जोखीम किती सोसाल, असं विचारलं. लाठीमारात सापडलेल्या माणसासाठी पर्याय नव्हता. शेअर विकत घेतल्या क्षणी पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडाले आणि ‘अभिनंदन!’ आलं. कशाचं अभिनंदन? मी एका वस्तूचे पैसे दिले होते. शिवाजीनगरात मी कोथिंबीर घेते तेव्हा कुणी माझ्यावर फुलं उधळत नाही. हे कागद कशासाठी उडतात ते मला कळलं. दुसरा शेअर घ्यावा म्हणून.

अक्कापुढे मी फोन नाचवला तेव्हा ती पोट धरून हसली. “मला एक पैसा घालू देत नाहीस, आणि स्वतः मालकीण झालीस?”

“तुझ्यासाठीच झालेय.”

“सरी, ठीक आहे, मालकीणबाई. मग सभेपर्यंत मी थांबते. त्यानंतर तू काही म्हणायचं नाही. मी ठरवणार.”

सभा सकाळची होती. प्रश्न विचारणाऱ्यांत मी आधीच नाव नोंदवलं होतं. अक्काच्या दुकानात, फोन शिलाई मशीनला टेकवून उभा केला. अक्कानं मशीन बंद ठेवली, पडदेवाल्यालाही गप्प बसवलं. माझ्या आधी बोलणारे एकेक गृहस्थ अध्यक्षांना सांगत होते, अहवाल सुंदर छापलाय, फोटो उत्तम आलेत, भागधारकांना दिवाळीला काही गोड पाठवा. मला दात-ओठ खावेसे वाटले. या लोकांना विचारायचा हक्क होता, आणि ते मिठाई मागत होते. गेटच्या आतली माणसं कॅन्टीनमध्ये धड भात मागतात तर त्यांना बाहेर काढतात!

माझं नाव आलं. मी हातावर लिहून आणलं होतं, एक प्रश्न, एक मागणी. “होसकोट्याचा कारखाना उपकंपनीच्या नावावर आहे. तिला तुम्ही दिलेलं कर्ज दर वर्षी वाढतंय. ते कोणत्या वर्षी परत यायला लागेल, असं तुम्ही धरलं आहे? आणि तिथल्या कामगारांची देणी त्या हिशेबात धरली आहेत का?” आवाज चढला असावा, कारण पडदेवाला उठून उभा राहिला.

अध्यक्षांनी सगळ्यांची उत्तरं शेवटी एकत्र दिली. मिठाईबद्दल ते सविस्तर बोलले. फोटो कुणी काढले तेही सांगितलं. मग म्हणाले की काही प्रश्न तपशिलाचे आहेत, त्यांना आमचे सचिव ईमेलनं उत्तर देतील. सभा संपली.

मी आता भाषण करणार होते. अक्कानं हात वर केला.

“गिऱ्हाईक विचारतं, ब्लाउज कधी मिळेल. मी तारीख सांगते. कधी चुकते आणि शिव्या खाते. पण तारीख सांगते.” तिनं फोन माझ्या हातात दिला. “यानं चुकीची तारीख तरी सांगायची होती.”

मग तिनं स्वतःचा फोन काढला आणि जयनगरच्या मालकाला कन्नडमध्ये सांगितलं, दसऱ्याची वाट कशाला बघायची, अर्धा अ‍ॅडव्हान्स उद्याच घ्या आणि माझ्या नावानं चिठ्ठी करा.

इथं शेअर कोसळला असता तर माझी गोष्ट छान दिसली असती. कोसळला नाही. वर गेला. दसऱ्याला आणखी वर होता. अण्णा जयनगरच्या दुकानाच्या पूजेला आले तेव्हा पेढा तोंडात टाकायच्या आधी त्यांनी फोन दाखवला. “बघ अक्का, आज काढले असतेस तर एक मशीन जादा आली असती.”

“आली असती,” अक्का म्हणाली. “आणि खाली गेला असता तर मी आत्ता फुटपाथवर माप घेत असते. तुम्ही पेढा घ्या.”

मला तिच्याइतकं शांत राहता येत नाही. तो वर गेला याचा मला अजून राग येतो. तो उद्या खाली गेला तर मला आनंद होणार नाही, कारण मंडळातल्या निम्म्या घरांचे पैसे त्यात आहेत आणि होसकोट्याच्या गेटवर ज्या मुलीनं मला कार्ड दाखवलं तिची नोकरीही. त्या दिवशी पूजेनंतर मी अण्णांना एक मागितलं. ग्रुपवर फोटो टाकाल तेव्हा दोन टाका, एकट्या कंपनीचा आणि एकत्रित. मत तुमचं तुम्ही लिहा.

“आणि नाही टाकला तर? पत्रक काढशील?”

“नाही. दुसरा फोटो मी टाकेन. दर वेळी.”

अण्णांनी पेढ्याचा कागद दुमडून खिशात घातला. “बरं,” म्हणाले, “पण ते बटण कुठे असतं, ते परत एकदा दाखव. मला ती बारीक अक्षरं दिसत नाहीत.”

मी त्यांच्या शेजारी नव्या बाकावर बसले. ईमेलचं उत्तर अजून आलेलं नाही. एक शेअर अजून माझ्या नावावर आहे, आणि प्रश्न मी शब्दही न बदलता सचिवांना पुन्हा पाठवला आहे. अण्णांचा अंगठा पडद्यावर हिरव्या बटणाकडे चालला होता. मी तो धरून खाली, तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यात नेला.